मोगऱ्याची मात्रा

मोगऱ्याची कळी दिवसभर जवळजवळ मुकी असते. दुपारी नाकाशी धरली तर हिरवट, पाणीदार वास येतो, तेवढाच. दिवेलागणीला पाकळ्या सुटू लागतात आणि मग बघता बघता अंगण भरून जातं. ज्यांच्या घरी मोगरा होता त्यांना हे कुणी शिकवावं लागलं नाही. वाईच्या आमच्या वाड्यात तो न्हाणीघरामागे होता. आंघोळीचं पाणी पाटातून थेट त्याच्या आळ्यात जायचं आणि फाल्गुन सरता सरता तो कळ्यांनी लगडायचा. चारचा चहा झाला की आजी परडी घेऊन मागे जायची. टपोऱ्या, पांढऱ्या झालेल्या, पण मिटलेल्याच कळ्या खुडायची. त्या ओल्या पंचात गुंडाळून देवघराच्या गार कोनाड्यात ठेवायची. केळीच्या सोपाचे धागे वाटीत भिजत घातलेलेच असायचे.

ओंजळ-दोन ओंजळी कळ्यांचे वाटे ठरलेले होते. आधी देवाला. मग चार कळ्या पिण्याच्या पाण्याच्या माठात, वाळ्याच्या जुडीसोबत. आई-काकूंचे गजरे, आम्हा मुलींच्या वेण्यांत एकेक छोटा तुकडा. आणि आजोबांच्या उशाशी पितळेच्या वाटीत चार-पाच कळ्या. आजोबा कोर्टात कारकून होते. उन्हाळ्यात त्यांची झोप मोडायची, मग ते माडीवर येरझारा घालायचे. वाटी ठेवली की बरं वाटतं, असं ते म्हणायचे. आजी म्हणायची, डोकं निवतं. याहून लांब स्पष्टीकरण कुणी दिलं नाही आणि आम्ही मागितलंही नाही.

आज पुण्यातल्या माझ्या घराजवळच्या दुकानात झोपेसाठी एक अख्खा कप्पा आहे. लॅव्हेंडरचं तेल, लॅव्हेंडरचा उशीवर मारायचा फवारा, लॅव्हेंडरची मेणबत्ती, वाफेसोबत सुवास सोडणारं छोटं यंत्र. खालच्या कप्प्यात लॅव्हेंडरची फरशी पुसायची बाटली आणि कपड्यांचा साबण. मोगऱ्याच्या घरात वाढलेल्या बाईला हा कप्पा परका वाटावा, पण तसं नाही. लॅव्हेंडर मन शांत करतं असं जे म्हणतात, त्यामागे मुख्यतः दोन सुगंधी द्रव्यं आहेत: लिनालूल आणि त्याचंच भावंड, लिनालिल ॲसिटेट. त्यातलं लिनालूल मोगऱ्यातही आहे. युरोपच्या जांभळ्या शेतांतून जे द्रव्य आता बाटलीत भरून येतं, ते आजोबांच्या उशाशी पितळेच्या वाटीत होतं.

मोगऱ्याचा वास म्हणजे काही एकटं लिनालूल नव्हे. त्यात बेंझिल ॲसिटेटचा गोड, फळासारखा भाग आहे, मिथाइल अँथ्रानिलेट आहे, आणि इंडोल नावाचं, जास्त झालं तर नकोसं वाटणारं द्रव्यही आहे. त्याच्यामुळेच कोमेजलेला गजरा सकाळी बंद खोलीत जड वाटतो. निवण्याचं काम मात्र यातल्या लिनालूलकडे आहे असं मानायला आधार आहे, आणि तो आधार मला फार आवडतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

२००५ साली क्योटोतल्या संशोधकांनी चमेलीच्या चहाच्या वासाचा अभ्यास प्रसिद्ध केला. चीनमध्ये हा चहा आपल्याच मोगऱ्याच्या कळ्यांनी सुवासिक करतात. चहाची पत्ती आणि कळ्या रात्री एकत्र ठेवायच्या. कळ्या उमलतात आणि पत्ती त्यांचा वास पिते. क्योटोच्या अभ्यासात २४ निरोगी माणसं होती. त्यांना पाच मिनिटं या चहाचा वास दिला आणि आधी-नंतरची नाडी व मनःस्थिती तपासली. हृदयाचे ठोके मंदावले, मन शांत आणि तरीही तरतरीत झालं. लॅव्हेंडरच्या वासानेही तेच घडलं. मग त्यांनी चहातलं एकटं लिनालूल घेऊन पाहिलं. त्यानेही तसंच झालं.

या अभ्यासातल्या दोन गोष्टी माझ्या मनात घर करून राहिल्या आहेत. पहिली म्हणजे मात्रा. त्यांनी वास भरभरून दिला नव्हता. प्रत्येकाला जेमतेम जाणवेल इतकाच, त्याच्या नाकाच्या अगदी उंबरठ्यावरचा वास दिला होता. तेवढ्याने नाडी बदलली. उशाशी चार कळ्या, खिडकी उघडी, माडीवर वाऱ्याची ये-जा: आजोबांना मिळणारा वास तोलला असता तर तो याच उंबरठ्याच्या आसपास भरला असता असं मला वाटतं.

दुसरी गोष्ट लिनालूलच्या रूपांची. उजवा आणि डावा हात जसे सारखे असूनही एकमेकांवर तंतोतंत बसत नाहीत, तशी या रेणूची दोन रूपं आहेत. लॅव्हेंडरमध्ये मुख्यतः एक आहे, धन्यात दुसरं. होय, आपल्या डब्यातल्या धन्यात! धन्याच्या तेलात निम्म्याहून अधिक भाग लिनालूलचाच असतो. गोड्या मसाल्यासाठी धने भाजायला घेतले की पहिल्या दोन मिनिटांत जो गोडसर, फुलासारखा वास येतो, तो बराचसा त्याचा. पण क्योटोच्या माणसांची नाडी मंदावली ती चहातल्या रूपाने. धन्यातल्या रूपाने ती मंदावली नाही. उन्हाळ्यात रात्री भिजवलेल्या धन्याचं पाणी सकाळी साखर घालून द्यायची पद्धत आमच्याकडे होती आणि आजही मी ते करते. ते गार वाटतं, पोटाला बरं वाटतं. पण त्याने झोप लागते असं म्हणायला मी धजणार नाही. आठवणींवर माया असली तरी जुन्या घरातल्या प्रत्येक वाटीत औषध शोधत बसणं मला पटत नाही.

वासाचा मेंदूपर्यंतचा रस्ता कसा, हे २०१८ साली जपानच्याच कागोशिमा विद्यापीठातल्या संशोधकांनी उंदरांवर तपासलं. लिनालूलचा वास दिलेले उंदीर कमी घाबरायचे, मोकळ्या जागेत धीटपणे फिरायचे, आणि त्यांची चाल लडखडत नव्हती. झोपेच्या गोळ्यांनी जशी हालचाल ढिली पडते तशी ती पडली नाही. मग ज्यांची वास घेण्याची क्षमता नष्ट केली होती अशा उंदरांना तोच वास दिला. त्यांच्यावर काही परिणाम झाला नाही. म्हणजे ते द्रव्य श्वासातून रक्तात जाऊन काम करत नव्हतं, नाकाच्या मज्जातंतूंतून थेट मेंदूला निरोप जात होता. हा निरोप गाबा या मेंदूतल्या शामक व्यवस्थेला जागा करतो. चिंतेवरच्या नेहमीच्या गोळ्या ज्या ठिकाणी बसतात, तेच हे ठिकाण. ती जागा अडवणारं औषध उंदरांना दिलं तेव्हा लिनालूलचा गुण नाहीसा झाला. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे खरंच. पण आजीच्या ‘डोकं निवतं’ या दोन शब्दांच्या पोटात एवढी वाट दडलेली असेल, याचं मला फार अप्रूप वाटतं.

लॅव्हेंडर आमच्या घरात तेव्हाही होतं, पण शेताचं नव्हे, साबणाचं. मुंबईचे काका कुणा परदेशी जाणाऱ्याकडून यार्डलेची वडी मागवायचे. ती वडी अंगाला लावायची हिंमत कुणी केली नाही. आईने ती लुगड्यांच्या घड्यांत ठेवली आणि वर्षानुवर्षं कपाट उघडलं की तो परका, कोरडा सुवास यायचा. मोगऱ्याचा वास संध्याकाळचा आणि उन्हाळ्याचा. लॅव्हेंडरचा वास कपाटाचा आणि सणाच्या दिवशीच्या लुगड्याचा. दोन्हींची वेळ ठरलेली. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवालाही तसंच. कैरीची डाळ, पन्हं, भिजवलेल्या हरभऱ्यांची ओटी, गुलाबदाणीचा शिडकावा आणि मनगटाच्या मागे अत्तराचा एक फाया. एकच, आणि तो महिनाभर चालणाऱ्या त्या सणात घरोघरी वेगळा.

लिनालूलशी आपल्याकडचा आणखी एक जुना दुवा आहे. बंगळूरजवळच्या तातगुणी इस्टेटीत मेक्सिकोहून आलेल्या लिनालो नावाच्या झाडाची मोठी बाग होती. त्याच्या फळांच्या सालीतून तेल काढायचं आणि ते अत्तरं-साबणांसाठी जायचं. या झाडाला ‘इंडियन लॅव्हेंडर’ असंही म्हणतात. ती इस्टेट चित्रकार स्वेतोस्लाव रोरिख आणि देविका राणी या दांपत्याची. मालाडच्या बॉम्बे टॉकीजच्या त्याच देविका राणी. मुंबईचा पडदा गाजवून ही बाई बंगळूरजवळ या सुवासिक झाडांच्या सोबतीला जाऊन राहिली, हे वाचलं तेव्हा मला तिच्याविषयी एकदम आपुलकी वाटली.

आजचा काळ वेगळा झाला तो लिनालूल कारखान्यात बनू लागल्यामुळे. त्याआधी ते झाडांतून ओढून काढत. ॲमेझॉनच्या जंगलातलं रोझवूड याच तेलापायी इतकं तोडलं गेलं, की २०१० साली त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध घालावे लागले. आता टर्पेंटाइनमधल्या पायनीनपासून किंवा खनिज तेलापासून निघालेल्या रसायनांतून ते हजारो टनांनी तयार होतं आणि त्याचा मोठा वाटा जीवनसत्त्व अ आणि ई बनवण्याकडेही जातो. हे काही वाईट झालं नाही. कारखान्यात बनलेल्या रेणूमुळे ॲमेझॉनमधली झाडं उभी राहिली असतील, तर मी त्या कारखान्याचे आभारच मानीन.

मला खुपतं ते प्रमाण. शाम्पूत लिनालूल, भांड्यांच्या साबणात लिनालूल, अगरबत्तीत, गाडीत लटकवायच्या सुवासिक चकतीत, बाळाच्या तेलात. सकाळी उठल्यापासून रात्री उशीवर डोकं टेकेपर्यंत ते सोबत असतं आणि म्हणूनच ते कुठेच जाणवत नाही. नाक एका वासाला काही मिनिटांत सरावतं. सरावलेल्या नाकाला जाणवावं म्हणून बाटलीवाले आणखी थोडं घालतात. जेमतेम जाणवेल इतक्या वासाने नाडी मंदावते हे कळल्यापासून मी त्या झोपेच्या कप्प्यासमोर उभी राहते तेव्हा मनात येतं: रात्रभर चालणारं यंत्र, बंद खिडकी, वातानुकूलित खोली. यात तो उंबरठा कुठे उरला?

शिवाय लिनालूल हवेत जुनं होतं. बाटली उघडी राहिली, वर्ष लोटलं की ते प्राणवायूशी संयोग पावतं आणि जी नवी द्रव्यं तयार होतात, त्यांनी अनेकांच्या त्वचेवर पुरळ येतं, खाज सुटते. म्हणूनच युरोपात अंगावर राहणाऱ्या प्रसाधनात ते ०.००१ टक्क्यापेक्षा अधिक असेल, तर वेष्टणावर त्याचं नाव छापावंच लागतं. गजऱ्याला हा धोका नव्हता. तो जुना होण्याआधी तुळशीच्या आळ्यात जायचा. घरात मांजर असेल तर तेलाच्या बाटल्या आणि यंत्रं आणखी जपून वापरायला हवीत. मांजराच्या यकृताला ही तेलं नीट निचरता येत नाहीत.

आजचं सगळंच कमी दर्जाचं आहे असं मात्र मी म्हणणार नाही. जर्मनीत लॅव्हेंडरच्या तेलाची ८० मिलिग्रॅमची कॅप्सूल औषधाच्या दुकानात मिळते. अस्वस्थतेवर तिची रीतसर तपासणी झाली आहे. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिची तुलना लोराझेपाम या चिंतेवरच्या गोळीच्या अल्प मात्रेशी सहा आठवडे केली, आणि दोन्हींचा गुण जवळपास सारखा आला. २०१४ च्या अभ्यासात ५३९ रुग्ण होते. तिथेही ती औषध नसलेल्या नुसत्या कॅप्सूलपेक्षा सरस ठरली. सवय लागत नाही, दिवसा गुंगी येत नाही. फार तर लॅव्हेंडरचे ढेकर येतात. यातले बरेच अभ्यास कॅप्सूल बनवणाऱ्या कंपनीच्या पैशांतून झाले आहेत, हे ध्यानात ठेवूनही ही गोष्ट मोठी आहे. माझी भाची तिथे नोकरीला आहे. गेल्या हिवाळ्यात तिने डॉक्टरांना विचारून ती घेतली आणि तिला बरं वाटलं. फक्त एक सांगायलाच हवं: ती कॅप्सूल म्हणजे ठरलेल्या दर्जाचं, ठरलेल्या मात्रेचं औषध आहे. दुकानातल्या सुगंधी तेलाचे थेंब पाण्यात घालून पिणं म्हणजे ते औषध घेणं नव्हे, आणि ते कुणी करू नये. ज्यांची चिंता रोजचं जगणं अडवते, त्यांनी डॉक्टरांकडे जावं. वाटीतल्या कळ्यांनी आजोबांची येरझार थांबायची, पण ते आजारी नव्हते.

आणि त्या संध्याकाळी काय केवळ वासाच्या होत्या? दिवसभराचं ऊन उतरलेलं, अंगणात सडा, कामं आटोपलेली, विजेचा एकच पिवळा दिवा. झोप या सगळ्याची मिळून यायची. त्यातलं लिनालूलचं श्रेय किती, ते वेगळं काढता येणार नाही.

त्या संध्याकाळींतला एक काटा मी वगळू शकत नाही. गजरे करायची ती आमची आत्या. तिच्या बोटांत जादू होती. चार कळ्या धरून केळीच्या धाग्याची गाठ मारायची ती नजरेला दिसायची नाही. पण आत्या विधवा होती. घरातल्या सगळ्या डोक्यांचे गजरे तिने केले, तिच्या केसांत एकही फूल कधी गेलं नाही. काम संपलं की ती ओंजळ नाकाशी धरायची आणि थोडा वेळ तशीच बसायची. तेव्हा मला वाटायचं, ती दमली आहे. आता वाटतं, सगळ्यांच्या वाट्याचं निवणं तिच्या बोटांना लागलेलं होतं आणि तेवढंच तिला घेता येत होतं. २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवांबाबतच्या जुन्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा मला पहिली आठवण आत्याची आली. आज माझ्या इमारतीत नवरा गेलेल्या दोघी जणी दर उन्हाळ्यात गजरा माळतात, मंगळवारी एकमेकींसाठी घेऊनही येतात. या एका बाबतीत तेव्हापेक्षा आता पुष्कळ बरं आहे, आणि त्याबदल्यात मी अंगणही द्यायला तयार होईन.

मोगरा अजूनही पिकतो, उलट नव्या जागी पिकतो. पालघर जिल्ह्यात विक्रमगड, जव्हार भागातल्या आदिवासी शेतकऱ्यांनी तो लावला आहे. भात झाल्यावर कामासाठी गाव सोडून जाणाऱ्या घरांना या कळ्यांनी थोडा आधार दिला. पहाटे खुडलेल्या कळ्या दादरच्या फुलबाजारात येतात. भाव लग्नसराईत चढतो आणि एरवी कोसळतो. हिवाळ्यात मोगरा आटला की गजऱ्यात कागडा येतो. दिसायला पांढरा, वास जवळजवळ नाही. आता तर कापडी गजरेही आले; कोमेजत नाहीत, म्हणून लग्नात त्यांना मागणी आहे. केसांत फूल असावं ही हौस टिकली, पण वास कुणी मागत नाही, याचं मला वाईट वाटतं.

तिकडे जम्मूच्या डोडा जिल्ह्यात, भदरवाहला, मक्याच्या जागी लॅव्हेंडर आलं. सरकारी संशोधन संस्थेने रोपं दिली, तेल काढायची यंत्रं दिली, आणि आज त्या शेतकऱ्यांना बाजार आहे. फुलामागे विज्ञान उभं राहिलं की काय होतं, ते तिथे दिसतं. मोगऱ्यामागे असं का उभं राहू नये? आपल्याकडे वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, कृषी विद्यापीठं आहेत, आणि रात्री झोप न येणारी माणसं तर हवी तेवढी आहेत. क्योटोने पाच मिनिटांचा वास मोजला. मला रात्रभराचा मोजलेला पाहायचा आहे: शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री इस्पितळातल्या खाटेजवळ, परीक्षेच्या दिवसांत वसतिगृहाच्या खोलीत, वृद्धाश्रमात. एका खोलीत चार कळ्या, दुसरीत ओंजळभर, तिसरीत कागडा, आणि सगळ्यांच्या नाडीची व झोपेची नोंद. कळ्या विक्रमगडहून आणाव्यात, आणि लग्नसराई संपल्यावर, भाव पडलेला असतानाही, शेतकऱ्याला लग्नसराईचाच दर द्यावा.